ग्रोनिंगनचे आठ दिवस



आपल्यातले पुष्कळजण सुट्टीत युरोपला जातात आणि परत आल्यावर रोम, व्हेनिस, पॅरिसच्या गोष्टी सांगतात. आमच्या ह्यांचीही इटलीला जायची फार इच्छा होती. पण आमची नात हॉलंडमधल्या ग्रोनिंगनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेली आणि "आजी, इटली कुठे पळून जात नाही, आधी माझ्याकडे या" असा तिचा फोनवर हट्ट सुरू झाला. म्हणून २०२३ च्या जून महिन्यात आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी आठ दिवस ग्रोनिंगनला जाऊन आलो. ह्या गावाचे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. तेव्हा काय पाहिले, काय खाल्ले आणि काय मनाला लागून राहिले ते लिहिते.

ग्रोनिंगन हे हॉलंडच्या पार उत्तरेला आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावरच आगगाडी मिळते, ती दोन तासांच्या थोडी वर घेते. वाटेत लेलिस्टाड नावाचे स्टेशन लागते. त्या भागातली जमीन म्हणजे पूर्वीच्या समुद्राचा तळ आहे. बांध घालून, पाणी उपसून १९५७ साली ती कोरडी केली आणि आता तिथे गव्हाची शेते, गाई आणि पवनचक्क्या आहेत. मी अलिबागची. आमच्याकडे खाडीचे पाणी अडवायला बांध घालतात, त्याला खारबंदिस्ती म्हणतात. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खारे पाणी भातशेतीत शिरायचे आणि पुढे दोन-तीन वर्षे शेत नापीक व्हायचे. त्यामुळे बांध सांभाळणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. इथे तर सबंध जिल्हाच बांधाच्या आत वसवला आहे. मी खिडकीतून बघतच राहिले. हे मात्र घोरत होते.

ग्रोनिंगनचे स्टेशन बघण्यासारखे आहे. १८९६ साली बांधलेली लाल विटांची इमारत, आत उंच दिवाणखान्यासारखा हॉल, रंगीत काचा, आणि वर नक्षीचे छत. ते छत चक्क कागदाच्या लगद्याचे आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ह्या स्टेशनचा नकाशा काढणारा आर्किटेक्ट इसाक गोस्खाल्क हा ज्यू होता. नातीने हे सांगितल्यावर आम्हाला उगीचच आपल्या माणसाच्या घरी उतरल्यासारखे वाटले. ह्या स्टेशनबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते.

बाहेर आल्यावर पहिली दिसते ती सायकल. एक नव्हे, हजारो. ह्या शहराची लोकवस्ती सुमारे २ लाख ४० हजार, त्यात विद्यार्थीच विद्यार्थी. निम्म्याहून जास्त येणेजाणे सायकलवरून होते. १९७७ साली नगरपालिकेने शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने सरळ जायला बंदी केली. मोटारवाल्याने बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून यायचे, सायकलवाल्याने सरळ जायचे. दुकानदारांनी तेव्हा फार ओरड केली होती म्हणे. आज मध्यवस्तीत हॉर्नचा आवाज नाही. काही चौकांत तर सायकलवाल्यांना चारही बाजूंनी एकदम हिरवा दिवा लागतो आणि सगळे एकमेकांना चुकवत बरोबर निघून जातात. हे म्हणाले, "आपल्या अश्दोदला असा दिवा लावला तर तुझ्या जुन्या वॉर्डात खाटा पुरायच्या नाहीत."

इथले लोक भेटल्यावर "मॉय" म्हणतात. निघतानाही "मॉय". म्हणजे आपल्या शालोमसारखेच. दुसऱ्या दिवसापासून हे रस्त्यात दिसेल त्याला मॉय म्हणू लागले, आणि लोकही हसून उत्तर देत.

स्टेशनसमोर कालव्यात बेटासारखे ग्रोनिंगर म्युझियम आहे. सोनेरी मनोरा, निळे-गुलाबी-हिरवे डबे, जणू लहान मुलाने ठोकळे रचून ठेवले आहेत. गॅस कंपनीने देणगी दिली आणि १९९४ साली ते उघडले. बांधणारा अलेस्सांद्रो मेंदिनी हा मिलानचा. मी ह्यांना म्हटले, "घ्या, तुमची इटली." पण ह्यांना इटली पोटातून हवी होती, डोळ्यांतून नव्हे, हे लगेच कळले, कारण तासाभरात "जेवायचे काय?" असे विचारू लागले.

तेव्हा आता खाण्याचे सांगते. आम्ही बाहेर मांस खात नाही, मासे आणि शाकाहार एवढेच. पण उपाशी अजिबात राहिलो नाही. गावात फिसमार्क्ट नावाचा मोठा चौक आहे, म्हणजे मासळीबाजारच. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी तिथे बाजार भरतो. नावाला मासळीचा, पण भाजी, फळे, चीज, फुले, कापड सगळे मिळते. जूनमध्ये नवे हेरिंग येते. हा मासा आकाराने बांगड्याहून लहान. मिठात मुरवलेला असतो पण शिजवलेला नसतो. वर बारीक कांदा घालून देतात. इथले लोक शेपटी धरून, मान वर करून तोंडात सोडतात. मी अलिबागची असून कच्चा मासा माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हटले, ह्याला हळद-तिखट लावून तव्यावर टाकले असते तर काय बहार आली असती! ह्यांनी मात्र दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत होते. माझ्यासाठी नातीने किबलिंग आणले. ते म्हणजे कॉड माशाचे तुकडे पिठात बुडवून तळलेले. ते गरम गरम फार छान लागते.

तिथेच एक बाई लोखंडी साच्यात स्ट्रोपवाफल भाजत होती. पातळ पोळी भाजायची, गरम असतानाच सुरीने मधून चिरून दोन करायची आणि आत काकवीसारखा पाक लावून पुन्हा मिटायची. पुड्यातली मिळते ती निराळी, गाडीवरची निराळी. आपल्या पुरणपोळीची सर नाही, पण थंडी-वाऱ्यात हातात धरायला बरी वाटते. ग्रोनिंगनचा खास पदार्थ म्हणजे आयरबाल. उकडलेले अंडे जाड मसालेदार सारणात गुंडाळून, वर पावाचा चुरा लावून तळतात. दिसायला हुबेहूब आपला बटाटावडा. ह्यांचा हात पुढे झाला होता, पण सारणात बहुतेक मांसाचा रस्सा असतो असे नातीने सांगितल्यावर मागे घेतला. मोहरीचे सूप मात्र दोनदा प्यालो. त्यातही डुकराचे मांस घालायची पद्धत आहे, म्हणून मागवताना आधी विचारून घ्यावे. इथले काळे खारट चॉकलेटसारखे दिसणारे ड्रॉप कोणी दिले तर प्रेमाने नाही म्हणावे. माझ्या नर्सिंगच्या काळात आम्ही पेशंटला ज्येष्ठमधाचे औषध द्यायचो, त्यात मीठ टाकले तर जसे लागेल तसे ते लागते.

एका संध्याकाळी भाताची-पोळीची आठवण झाली तेव्हा नात आम्हाला सुरीनामी हॉटेलात घेऊन गेली. तिथे चक्क रोटी, बटाट्याची भाजी, चवळीच्या लांब शेंगा आणि उकडलेले अंडे! दक्षिण अमेरिकेतले सुरीनाम ही डचांची वसाहत होती. १८७३ साली कलकत्त्याहून 'लाला रुख' नावाचे जहाज मजूर घेऊन तिथे गेले आणि १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसे गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. त्यांची नातवंडे-पतवंडे पुढे हॉलंडला आली. मालकाशी मी हिंदीत बोलले, तो त्यांच्या भोजपुरीसारख्या बोलीत उत्तर देत होता, आणि दोघांचे छान जमले. "तुम्ही इंडियाच्या की इस्राएलच्या?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "तुम्ही सुरीनामचे की इंडियाचे?" तो हसला आणि एक रोटी जास्त वाढली.

जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहा वाजता मावळतो हे लक्षात ठेवा. शुक्रवारी मी दिवे लावले तेव्हा अश्दोदला आमची झोपायची वेळ झालेली असते. शनिवारी तर शब्बात संपेपर्यंत अकरा वाजून गेले आणि आमचे हे खुर्चीतच पेंगले.

उंचावरून गाव बघायचे असेल तर दोन मार्ग आहेत. एक मार्टिनी मनोरा. १४६९ ते १४८२ च्या दरम्यान बांधला, उंची सुमारे ९७ मीटर, आणि गावचे लोक त्याला लाडाने 'म्हातारा करडा' म्हणतात. आत अरुंद गोल जिना आहे. आमच्या गुडघ्यांनी खालूनच नमस्कार केला. दुसरा मार्ग म्हणजे जवळचीच फोरम नावाची इमारत. ती २०१९ साली उघडली. आत लायब्ररी, सिनेमा, बसायला भरपूर जागा, आणि सरकत्या जिन्यांनी थेट गच्चीपर्यंत जाता येते. पैसे पडत नाहीत. वरून सगळे गाव दिसते. मोठ्या चौकाच्या एका बाजूला जुनी घरे आणि दुसऱ्या बाजूला एकदम नवी, असे का म्हणून विचारले तर कळले की एप्रिल १९४५ मध्ये कॅनडाच्या सैन्याने चार दिवस घरोघर लढून हे गाव जर्मनांच्या हातून सोडवले, तेव्हा ती बाजू जळून गेली.

आता माझ्या आवडीची एक जागा. युनिव्हर्सिटीच्या आवारात अलेट्टा याकोब्स हिचा पुतळा आहे. आपण नर्सेसनी तरी हे नाव लक्षात ठेवावे. ग्रोनिंगनजवळच्या सापेमेर गावात १८५४ साली एका ज्यू डॉक्टरच्या घरी ती जन्मली. मुलींना युनिव्हर्सिटीत घेत नसत. सतराव्या वर्षी तिने थेट पंतप्रधान टोर्बेके ह्यांना पत्र लिहून परवानगी मागितली आणि १८७१ साली ग्रोनिंगनला तिला प्रवेश मिळाला. १८७८ मध्ये ती हॉलंडची पहिली स्त्री डॉक्टर झाली. पुढे अ‍ॅमस्टरडॅममध्ये गरीब बायकांसाठी तिने फुकट दवाखाना चालवला. दुकानात काम करणाऱ्या मुली दिवसाला दहा-अकरा तास उभ्या राहून आजारी पडतात हे तिने पाहिले आणि त्यांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून वर्षानुवर्षे भांडली, तेव्हा तसा कायदा झाला. आयुष्यभर वॉर्डात उभी राहून ज्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या आहेत त्यांना ही खुर्ची किती मोठी गोष्ट आहे ते समजेल. मला तिथे आपल्या आनंदीबाई जोशी आठवल्या, ज्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि आपल्याच बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड. त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी मुंबईला शिकत होते तेव्हा सिस्टर लोक त्यांचे नाव घेताना आवाज खाली करीत, इतका आदर. नातीला झिराडबाईंचे नाव माहीत नव्हते. तिला तिथेच बाकावर बसवून सगळे सांगितले.

नात जिच्या घरी भाड्याने राहते ती बाई ऐंशीच्या पुढची आहे. तिने आम्हाला घरी बोलावून पोफर्ट खायला घातला. मैदा, अंडी आणि मनुकांचे मिश्रण डब्यात घालून, तो डबा उकळत्या पाण्यात ठेवून शिजवतात. म्हणजे आपल्या सांदणाचा लांबचा भाऊ. वर लोणी आणि तपकिरी साखर. ह्यांनी तीन तुकडे घेतले. बोलता बोलता मी तिला सांगितले की आम्ही फोल्किंगेस्ट्रात ह्या रस्त्यावरचे सिनेगॉग बघायला जाणार आहोत. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी आई युद्धानंतर तिथे चादरी धुवायला टाकत असे. मी तिच्याबरोबर जायची. आत गेलं की वर कमानी दिसायच्या. ही लाँड्री अशी का बांधली आहे, असं आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही. मोठ्यांनी कधी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. फोल्किंगेस्ट्रात हा स्टेशनकडून फिसमार्क्टकडे जाणारा अरुंद, सुंदर रस्ता आहे. दोन्ही बाजूंना चीजची, कपड्यांची, पुस्तकांची छोटी छोटी दुकाने. युद्धापूर्वी हा ज्यू लोकांचा मोहल्ला होता. ग्रोनिंगनमध्ये तेव्हा सुमारे २८०० ज्यू राहत होते. खाटीक, कापडवाले, गुरांचे व्यापारी, शिक्षक. १९०६ साली त्यांनी हे मोठे सिनेगॉग बांधले, घोड्याच्या नालेसारख्या कमानी, रंगीत विटांचे पट्टे आणि घुमट असलेले. युद्धानंतर परत आलेली माणसे इतकी थोडी होती की एवढी मोठी इमारत त्यांना झेपेना. ती विकली गेली आणि तिच्यात लाँड्री आली. पुढे लोकांनी प्रयत्न करून इमारत दुरुस्त केली आणि १९८१ साली ती पुन्हा उघडली. आता एका भागात प्रार्थना होते आणि बाकीच्या भागात प्रदर्शने, संगीत वगैरे.

आम्ही दोघे आत बाकावर बसलो. मला आमचे अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ आठवले. तेही आता बहुतेक वेळ रिकामेच असते. लहानपणी योम किप्पूरला बसायला जागा मिळत नसे. पण ते रिकामे झाले ते आपण आपल्या पायांनी निघालो म्हणून. १९७२ साली आम्ही निघालो तेव्हा अख्खी आळी एस.टी. स्टँडवर आली होती. हिंदू, मुसलमान, कोळी, सगळे. शेजारच्या काकूंनी वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या आणि आईने घराची किल्ली त्यांच्याच हातात ठेवली. ग्रोनिंगनच्या सिनेगॉगमधल्या माणसांच्या किल्ल्या कोणी घेतल्या? हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. दोन्हीकडची बाकं रिकामीच, पण त्यांना एक समजू नये.

शेवटच्या दोन दिवसांपैकी एक दिवस वेस्टरबोर्कला जायचे की नाही ह्यावरून आमच्यात वाद झाला. हे म्हणाले, "सुट्टीवर आलो आहोत, याद वाशेमला अनेकदा गेलो, आता पुरे." मी म्हटले, "तुम्ही बाजारात बसा, मी जाऊन येते." शेवटी तेही आले. नातीच्या मैत्रिणीने मोटारीने नेले, पाऊण तास लागला.

वेस्टरबोर्क ही १९३९ साली जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी बांधलेली छावणी. १९४२ पासून जर्मनांनी तिथे हॉलंडभरचे ज्यू गोळा केले आणि बहुधा दर मंगळवारी गाडी भरून पूर्वेकडे पाठवले, ऑश्विट्झला, सोबिबोरला. अ‍ॅन फ्रँकही इथूनच ३ सप्टेंबर १९४४ च्या गाडीने गेली. गाड्या बहुतेक आसेन, ग्रोनिंगन असे करत जर्मनीच्या हद्दीत शिरत. म्हणजे गोस्खाल्कने बांधलेल्या त्याच सुंदर स्टेशनातून. आता तिथे बराकी जवळजवळ नाहीत. मोकळे मैदान, झाडे, वर वाकवलेले रूळ, आणि परत न आलेल्या प्रत्येकासाठी एक असे १,०२,००० छोटे दगड.

पण मला आत लागले ते वेगळेच. त्या छावणीत एक मोठे हॉस्पिटल होते. सतराशेवर खाटा, शंभराहून जास्त डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, बाळंतपणाची खोली. ज्यू डॉक्टर आणि ज्यू नर्सेस तिथे जीव तोडून काम करत. मुदतीआधी जन्मलेली बाळे वाचवत, ताप उतरवत, टाके घालत. आणि पेशंट बरा झाला की त्याचे नाव मंगळवारच्या यादीत. पुढे पुढे बरे व्हायचीही वाट बघत नसत, स्ट्रेचरवरूनच डब्यात चढवत. मी तीस वर्षांहून जास्त नोकरी केली, पुष्कळ माणसे हातात गेलेली पाहिली. पण सोमवारी रात्रीच्या पाळीला असलेल्या त्या नर्सने काय केले असेल? मला वाटते तिने पेशंटची चादर नीट केली असेल, पाणी दिले असेल, टेंपरेचर घेऊन कागदावर लिहिले असेल. दुसरे करण्यासारखे काही नसते तेव्हा आम्ही तेच करतो. शेवटी त्या नर्सेसपैकी बहुतेकींनाही त्याच गाडीने जावे लागले. ह्यांनी खाली वाकून एका दगडावर हात ठेवला आणि काद्दीश म्हटला. परतताना मोटारीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर नातीने मुगाच्या डाळीची खिचडी केली, ती आम्ही तिघांनी एकाच ताटातून खाल्ली.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सूचना. जूनमध्येही स्वेटर आणि छत्री न्यावी. रस्त्यात लाल पट्टा सायकलींचा असतो, त्यावर उभे राहून फोटो काढू नये. हॉटेलात काहीही मागवताना मांस आहे का ते विचारावे, लोक नीट सांगतात आणि जवळजवळ सर्वांना इंग्रजी येते. सिनेगॉगची वेळ आधी बघून जावे. वेस्टरबोर्कला जायचे असेल तर शेवटच्या दिवशी ठेवू नका, नंतर एक दिवस बाजारात फिरायला, स्ट्रोपवाफल खायला आणि मॉय म्हणायला हाताशी असू द्या. आम्ही तसेच केले आणि ह्यांनी तिसरे हेरिंग खाल्ले.

आणि एक विनंती. हिवाळ्यात आपल्यातले पुष्कळजण भारतात जातात, मुंबईत लग्नकार्ये आटोपतात आणि परततात. ह्या वेळी एक दिवस काढून अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, जे आपले गाव असेल तिथे जा. सिनेगॉगचे दार उघडायला सांगा, दिव्यात तेल घाला, बाकावर थोडा वेळ बसा आणि मुलांना बरोबर न्या. जुने शेजारी भेटले तर त्यांच्याकडे चहा घ्या. आपल्याकडे अजून दार उघडून देणारे कोणीतरी आहे.

सर्वांना शालोम.